डोळ्यांचे दोन खाने

खाजामियाँ पेंटर म्हणायचा, मला चेहरा काढता येत नाही. गिऱ्हाईक हसलं की तो चिडायचा, कारण तो खरं बोलत असायचा. लातुरात गंजगोलाईच्या बाजाराच्या मागच्या अंगाला, एका बोळाच्या तोंडाशी त्याची पत्र्याची टपरी होती. टपरीला टेकून अख्ख्या गावाच्या पाट्या वाळत उभ्या असायच्या, डाळमिलच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. आणि त्याच्या स्वतःच्या टपरीला मात्र पाटी नव्हती. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "माझ्याकडं येणाऱ्याला पाटी लागत न्हाई, आन् ज्याला लागती तो मला नको."

"चेहरा मी काढत न्हाई. मी खाने काढतो. चेहरा आपला आपण येतो," हे त्याचं ठरलेलं बोलणं.

खाने म्हणजे चौकोन. लहान फोटोवरून मोठं चित्र करायचं तर फोटोवर उभ्या-आडव्या रेघांची बारीक जाळी घालायची, पत्र्यावर तेवढ्याच खान्यांची मोठी जाळी मारायची, आणि या खान्यात जे दिसतं तेच त्या खान्यात उतरवायचं. पत्र्यावर रेघ मारायला त्याच्याकडे निळीची पूड चोळलेला दोरा होता. दोन्ही टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा, की सटकन निळी रेघ उमटायची. फोटोसाठी त्यानं वेगळी तोड काढली होती. दवाखान्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणायच्या, सोडा घालून गरम पाण्यात घासून काचेसारख्या करायच्या, त्यावर सुईनं जाळी कोरायची आणि ती फिल्म फोटोवर ठेवायची. फोटोला ओरखडासुद्धा पडत नसे. वर आणखी एक पुठ्ठा असायचा. पुठ्ठ्याला मधे एक चौकोनी खिडकी कापलेली, म्हणजे एका वेळी एकच खाना दिसावा.

"नाक बघून नाक काढाय गेलं की हात खोटं बोलतो," तो म्हणायचा. "हाताला पहिलंच एक नाक पाठ असतंय, तेच काढून मोकळा होतो. त्याला सांगायचंच न्हाई, की हे नाक हाय म्हणून."

फिल्मच्या माथ्यावर तो अक्षरं कोरायचा. शिक्षण उर्दू शाळेतलं, चौथीपर्यंतचं, त्यामुळे पहिला खाना अलिफ, दुसरा बे, तिसरा पे. आणि अलिफ अर्थातच उजव्या कडेला. त्यात काही वेगळं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. जेवायला उजवा हात पुढं येतो तसंच हे. मोजणी उजवीकडून सुरू व्हायची आणि डावीकडं जायची, आणि एवढ्या वर्षांत त्यावरून कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

भूकंप झाला त्या पहाटे लातूरही हललं. खाजामियाँ आणि जन्नतबी रस्त्यावर येऊन उभे राहिले. टपरीतले रंगाचे डबे एकमेकांत सांडले होते, तेवढंच नुकसान. दुपारपर्यंत किल्लारीकडून जीपगाड्या येऊ लागल्या आणि गाड्यांत काय आहे ते बघितल्यावर लोकांनी आपल्या नुकसानीबद्दल बोलणं बंद केलं.

महिनाभरानं पहिला माणूस फोटो घेऊन आला. मग येतच राहिले. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात उभी असलेली सून, एसटीच्या पासावरचा मुलगा, जत्रेत काढलेल्या फोटोत पाळण्याच्या दांडीआड अर्धा झालेला म्हातारा. मातीत पडलेले, पावसात भिजलेले, कडा गेलेले फोटो. सगळ्यांना एकच हवं असायचं, एवढ्याशाचं एवढं करून द्या, भिंतीला लावायचंय. त्या वर्षी लातुरातल्या सगळ्या पेंटरांना काम मिळालं आणि एकालाही ते काम नको होतं. खाजामियाँला त्या चेहऱ्यांकडं बघवेना, तेव्हा खिडकीच्या पुठ्ठ्यानं त्याला तारलं. एका वेळी एकच खाना. मेलेलं माणूस दिसतच नाही, दिसतो तो थोडा अंधार, थोडा उजेड, कुठं एक वाकडी रेघ. संध्याकाळी पुठ्ठा उचलला की मात्र समोर कुणीतरी बसलेलं असायचं. जन्नतबी तिखट बाई, ती सुरुवातीला म्हणाली, "मुर्दों को घर मत लाना." आठ दिवसांनी तीच ओल्या कापसानं फोटोंवरची माती पुसत बसली होती.

शरदचंद्र गुरुजी आले ते दुसऱ्या पावसाळ्यात. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात ते प्राथमिक शाळेवर होते. गाव गेलं त्या रात्री ते बायको-मुलीला घेऊन लातूरला सासरवाडीला आले होते, गणपती बुडवायला. म्हणून तिघंही वाचले. याचं त्यांना बरं वाटत असेल असं लोकांना वाटायचं. गुरुजी मात्र जेवताना घास हातात धरून बसायचे, असं त्यांच्या बायकोनं पुढं कुणाला तरी सांगितलं.

गावाचं पुनर्वसन होत होतं, नवी शाळा उभी राहिली होती, आणि शाळेतल्या गेलेल्या मुलांचा एक फलक गुरुजींना लावायचा होता. भूकंपाला वर्ष होईल त्या दिवशी. मुलांचे फोटो त्यांनी गावोगावच्या पाहुण्यांकडून जमवले होते. ते त्यांनी एकेक करून टेबलावर मांडले, मागं नावं लिहिलेली. फक्त एका मुलीचा फोटो कुणाकडंच नव्हता. नीलावती तिचं नाव. तिचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता, पंधरा ऑगस्टला वर्गाचा निघाला तो. तो गुरुजींनी पिशवीतून काढला आणि पालथा ठेवला.

"यात हाय का पोरगी?" खाजामियाँनं विचारलं.

"आहे." गुरुजी उठले आणि बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. "पुढच्या ओळीत मुली बसल्यात. त्यात दुसरी. मला तो फोटो पाठ आहे, खाजामियाँ. बघवत नाही एवढंच."

खाजामियाँनं फोटो सुलटा केला आणि फिल्म वर ठेवली. अलिफ, बे. दुसरी. चापून तेल लावलेल्या दोन वेण्या, पांढरा फ्रॉक, कॅमेऱ्याकडं रोखून बघणारे डोळे. लख्ख चेहरा. इतका चांगला फोटो त्या वर्षात त्याच्या हाताखाली आला नव्हता. "बरं झालं, साफ हाय," तो म्हणाला. गुरुजींनी पाठमोऱ्यानंच मान हलवली.

फलक झाला. खाजामियाँनं तो चादरीत गुंडाळून जीपच्या टपावर बांधून नेला. गुरुजींनी तो आधी बघितला नाही. सगळ्यांबरोबरच बघीन म्हणाले. नव्या शाळेच्या व्हरांड्यात फलक भिंतीला टेकवला, वर पांढरा कपडा, समोर गाव जमलेलं. मुलं पुढं बसलेली, त्यांच्यात नीलावतीच्याच वर्गातली, गुरुजींची अपूर्वाही होती. बायका मागं. रत्नम्मा, नीलावतीची आई, कुणाच्या तरी आधारानं पुढं आली होती आणि खांबाला धरून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारणीला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, माझी कुठली ते दाखव. आपलीच पोर आपल्याला दुसऱ्यानं दाखवावी लागेल याची तिला भीती वाटत होती.

गुरुजी लोकांकडं तोंड करून उभे राहिले आणि पाठीमागं हात नेऊन त्यांनी कपडा ओढला. मग तसंच पाठमोरं राहून, चाचपत, एकेका चौकटीवर हार घालत गेले. सगळे हार घालून झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कुणी रडत नाही. लोक एकदा फलकाकडं बघत होते आणि एकदा खाली, मुलांच्या ओळीत बसलेल्या अपूर्वाकडं.

अपूर्वा उठून उभी राहिली. तिला भीती वाटली नव्हती, फक्त नवल वाटलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "ती मी आहे."

गुरुजी वळले. हारात त्यांची मुलगी होती. दोन वेण्या, पांढरा फ्रॉक. खाली सुबक अक्षरांत, नीलावती.

खाजामियाँला काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. फोटो त्याच्या पिशवीतच होता. त्यानं तो काढला आणि या वेळी बोटानं दुसऱ्या कडेवरून मोजलं. त्याची दुसरी उजवीकडून होती, गुरुजींची डावीकडून. दोघांनीही जन्मभर जसं वाचलं तसंच मोजलं होतं. एकजण फोटोकडं पाठ करून उभा होता आणि दुसऱ्यानं विचारलं नव्हतं. त्यानं एवढे मेलेले काढले होते, पण जिवंत माणसाला मेलेल्यांत नेऊन बसवायचं काम आजवर त्याच्या हातून झालं नव्हतं.

"पुसा," गुरुजी म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "आत्ता, माझ्यासमोर पुसा."

रंग वरवर वाळला होता, आत ओला होता. खाजामियाँनं हार काढला, पिशवीतून टर्पेंटाइन आणि चिंधी काढली आणि एका जिवंत पोरीचा चेहरा तिच्यादेखत पुसायला घेतला. हनुवटी गेली, ओठ गेले, वेण्या फिसकटल्या. अपूर्वा बघत राहिली. तिच्या आईनं मागून येऊन तिचे डोळे हातानं झाकले. खाजामियाँ कपाळापर्यंत पोचला आणि चिंधी डोळ्यांवर नेणार, तेवढ्यात त्याचं मनगट कुणीतरी धरलं.

रत्नम्मा होती. "डोळं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ही माझी न्हाई, ठाव हाय मला. पन डोळं तिच्यावानीच हायत."

खाजामियाँनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी तिच्याकडं बघत होते. हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. ज्या बाईची पोर गेली तिला हा माणूस काय सांगणार, ज्याची वाचली. त्यांनी अपूर्वाला जवळ ओढलं, तिच्या आईला खूण केली आणि तिघं शाळेच्या फाटकातून बाहेर पडली. पुढच्या महिन्यात ते बदली मागून लातूरला गेले.

खाजामियाँ त्या रात्री गावातच राहिला. सकाळी त्यानं डावीकडून दुसरी मुलगी शोधली, भिंग लावलं, आणि दुसऱ्यांदा हादरला. त्या खान्यात चेहरा नव्हताच. फोटो निघतानाच नीलावतीनं शेजारणीकडं मान वळवली होती, आणि तोंडाच्या जागी नुसता पुसट फराटा आला होता. म्हणजे त्यानं बरोबर मोजलं असतं तरी हातात काही आलं नसतं. गुरुजींना पाठ होती ती नीलावती, हा फोटो नव्हे. फोटो त्यांनी कित्येक महिन्यांत बघितलाच नव्हता.

"फोटोत न्हाई ती," त्यानं रत्नम्माला सांगितलं.

"मग मला इचारा," रत्नम्मा म्हणाली.

म्हणून त्यानं डोळे सोडून बाकी सगळं पांढरं केलं, निळीच्या दोऱ्यानं खाने मारले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोऱ्या खान्यांवरून चित्र काढलं. एकेका खान्यावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, इथं काय? रत्नम्मा सांगायची. हितं केस लई दाट. हितं कपाळावर खोक हाय, चुलीच्या दगडाची. नाक माझ्या सासूचं. वरचा ओठ जरा उचललेला, सर्दी कायमची. बोलता बोलता तिनं त्या रात्रीचंही सांगितलं. म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती गोठ्यात बसायला गेली. जाताना कंदील वर धरून पोरीकडं बघितलं, पांघरूण सारखं केलं आणि दार लोटून घेतलं. ते घर नंतर उभं दिसलं नाही. तिन्हीसांजेला चेहरा पुरा झाला. खाली जमलेल्या बायकांनी ओळखलं, हीच की नीलावती. फक्त त्या चेहऱ्यातून अपूर्वा बघत होती, आणि ते ज्याला माहीत होतं त्यालाच दिसत होतं.

घरी आल्यावर जन्नतबीनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच बोलली, "जीती बच्ची की आँखें मुर्दों में छोड़के आए तुमे?"

हे वाक्य खाजामियाँच्या मानेवर बसलं ते उतरलं नाही. तो अपशकुन वगैरे न मानणारा माणूस होता, निदान गिऱ्हाइकांसमोर. पण अपूर्वा कोणत्या शाळेत जाते, कोणत्या रस्त्यानं जाते हे त्याला माहीत झालं. शाळा सुटायच्या वेळी तो उगाच त्या चौकात ब्रश धूत उभा राहायचा आणि दोन वेण्या दिसल्या की घरी यायचा. दुसऱ्या वर्षी ती विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं, पोरगी काही हाती लागत नाही. खाजामियाँनं रंग खरवडायची पत्र्याची पत्ती पिशवीत टाकली आणि स्टँडवर गेला. त्या गावाला जायचं आणि ते डोळे खरवडून यायचं. एसटी लागली, माणसं चढली, सुटली. तो फलाटावरच बसून राहिला. रत्नम्मानं मनगट धरलं होतं, ते त्याला अजून जाणवत होतं. एका पोरीला वाचवायचं तर दुसरीला पुन्हा मारायचं, असा तो हिशेब होता, आणि तो त्याच्यानं होईना. अपूर्वा पुढं बरी झाली. पण आपण त्या दिवशी एसटीत चढलो नाही याबद्दल त्यानं स्वतःला माफ केलं नाही.

एक सवय मात्र त्यानं कायमची लावून घेतली. कुणीही कसलाही फोटो आणला की म्हणायचा, बोट ठेवा. एकट्याचा फोटो असला तरीही. लोक हसायचे. "हसा," तो म्हणायचा, "पन बोट ठेवा."

मग लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. बोर्डात लातूरची पोरं पहिली येऊ लागली आणि नांदेडपासून उदगीरपर्यंतचे आईबाप पोरं आणि गाद्या घेऊन गावात उतरू लागले. बोळाबोळांत क्लास, क्लासवर मेस, मेसवर खोल्या. निकाल लागला की क्लासवाल्यांना भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांची तोंडं हवी असत, हत्तीएवढी. फ्लेक्स नुकताच आला होता, पण महाग होता आणि उन्हानं फिका पडायचा. म्हणून खाजामियाँला पुन्हा चेहरे मिळाले. या वेळचे चेहरे जिवंत होते, हसत होते आणि त्यांच्या खाली टक्के लिहायचे होते. दरवर्षी जुनी तोंडं चुन्यानं पुसून नवी काढायची. क्लासवाले नाणी मोजावीत तसे फोटो मोजून द्यायचे. खाजामियाँ म्हणायचा, बोट ठेवा.

फलकाला आठ वर्षं झाली त्या वर्षी एका क्लासवाल्यानं दिलेल्या फोटोंत एक मुलगी होती, मेडिकलला लागलेली. केस कापलेले, चष्मा नाही. खाजामियाँनं बांबूच्या परांचीवर चढून भिंतीवर दोरा मारला, पुठ्ठ्याची खिडकी फोटोवर सरकवत आणली आणि डाव्या डोळ्याच्या खान्यात हात घातला. डोळ्याचा बाहेरचा कोपरा जरा खाली उतरलेला, वरच्या पापणीची रेघ मधेच जाड. ब्रश न विचारता चालायला लागला. हे वळण हाताला आधीच माहीत होतं. त्यानं पुठ्ठा उचलला, फोटोकडं बघितलं आणि परांचीवर मटकन बसला. खाली उभ्या असलेल्या क्लासच्या शिपायाला वाटलं, ऊन लागलं.

अपूर्वा मोठी झाली होती. डॉक्टर होणार होती.

चौथ्या दिवशी चित्र पुरं होत आलं, तेव्हा गुरुजी भिंतीखाली येऊन उभे होते. केस पांढरे झाले होते. खाजामियाँ खाली उतरला आणि हात पुसत उभा राहिला. गुरुजींनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"आठ वर्षांत घरात तिचा एक फोटो लावू दिला नाही मी," गुरुजी म्हणाले. "भिंतीवर तिला बघवायचं नाही. आज तुम्ही काढलीत म्हणून कळलं, आणि बघायला आलो."

"कसूर माझा हाय, गुरुजी."

"पाठ मीच फिरवली होती." ते भिंतीकडं बघत होते. "आता ती बाहेर चालली, पाच वर्षं. आणि तिकडं तिचे डोळे अजून हाराखाली आहेत. तेवढे काढून द्या मला."

"काढतो. पन रत्नम्माला इचारून."

दुसऱ्या दिवशी दोघं काळ्या-पिवळ्या जीपमधून निघाले. खाजामियाँच्या पिशवीत पत्ती, दोरा, रंगाच्या चार नळ्या होत्या. त्याला एवढंच समजत होतं, की सात वर्षांपूर्वी जे त्यानं फलाटावर बसून टाळलं ते आता करायचंय, आणि तेही त्या आईच्या डोळ्यांसमोर.

शाळेला सुट्टी होती. व्हरांड्यात फलक होता तिथंच होता. मुलांचे रंग चांगले टिकले होते. प्रत्येकावर ताजा हार होता. गुरुजी या वेळी सरळ फलकाकडं तोंड करून गेले, आणि थांबले.

नीलावतीला डोळे नव्हते. दोन्ही खाने पत्र्यापर्यंत खरवडलेले होते आणि पत्र्यावर जुना गंज चढला होता. खाजामियाँनं बोट लावून बघितलं. कालचं काम नव्हतं, वर्षांचं होतं. बाकी चेहऱ्याला एक ओरखडाही नव्हता.

शिपायानं बोलावल्यावर रत्नम्मा आली. वाकली होती. गुरुजींना तिनं ओळखलं आणि पहिल्यांदा एकच विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. मेडिकलला लागली."

"चांगलं झालं." ती पायरीवर टेकली. दोघंही फलकाकडं बघतायत हे तिला दिसलं. "ते व्हय. तुमची पोर तापानं फणफणलीय म्हनून शाळेत नव्या मास्तरणी बोलत व्हत्या. त्याच दिवशी खापरानं काढलं मी. तिचं डोळं हितं अडकून पडलं असतील तर ती कशी उठल?"

गुरुजी पायरीवर तिच्याशेजारी टेकले. ज्या बाईच्या नावानं ते आठ वर्षं मनात कुढत होते, तिनं त्यांच्या मुलीसाठी आपल्या मुलीला आंधळं केलं होतं, आणि कुणाला निरोपसुद्धा धाडला नव्हता. खाजामियाँला फलाटावरचा तो बाक आठवला. तो तिथं बसून राहिला होता त्याच दिवसांत ही इथं खापर घासत होती.

"सांगायचं तरी," गुरुजी म्हणाले.

"काय सांगायचं? पोर बरी झाली की."

खाजामियाँनं पिशवी उघडली. दुसरं काही करणं त्याला जमत नव्हतं. त्यानं चेहऱ्यावर दोरा ताणला, खाने मारले, गंज घासून दोन्ही जागा पांढऱ्या केल्या. मग रिकाम्या खान्यावर बोट ठेवून त्यानं पूर्वीसारखंच विचारलं, "रत्नम्मा, इथं काय?"

रत्नम्मा बघत राहिली. "न्हाई ध्यानात," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या पोरीचं डोळं बघता बघता माझ्या पोरीचं गेलं. आता न्हाई आठवत."

"मला आठवतात," गुरुजी घाईनं म्हणाले. उठले, फलकाशी आले आणि सांगायला लागले. मोठे होते, टपोरे. बाहेरचा कोपरा जरा खाली. पापणी वरची मधेच... आणि ते गप्प झाले. खाजामियाँचा ब्रश अर्ध्यात थांबला होता. दोघांनाही एकदमच कळलं, की हे कुणाचे डोळे आहेत. गुरुजींनी फलकावर हात टेकला आणि मान खाली घातली. "हे आमच्याच पोरीचे झाले," ते म्हणाले.

नीलावतीचे डोळे जगात कुणाजवळच उरले नव्हते, ना फोटोत, ना आईजवळ, ना गुरुजींजवळ.

"मिटलेलं काढा," रत्नम्मा म्हणाली.

खाजामियाँनं वळून बघितलं.

"झोपलेली मला आठवती. कंदील वर धरला तवा बघितलंय मी तिला. तशीच तर गेली. दोन्ही डोळं मिटलेलं काढा."

इतक्या वर्षांत एकानंही त्याला मिटलेले डोळे काढायला सांगितले नव्हते. सगळ्यांना आपलं माणूस बघत असलेलं हवं असायचं. त्यानं आधीची पुसट रेघ पुसली. पुठ्ठा घेतला नाही, फिल्म घेतली नाही, समोर उतरवून घ्यायला काही नव्हतंच. "पापणी कशी? खाली टेकलेली?"

"टेकलेली. लांब व्हती."

एका खान्यात एक वाकडी रेघ, दुसऱ्या खान्यात दुसरी. खाली पापण्यांची थोडी सावली. एवढंच काम होतं. एक बिडी ओढून होईपर्यंतही वेळ लागला नाही, पण हात खाली घेतला तेव्हा त्याचा सदरा घामानं भिजला होता.

रत्नम्मा उठून जवळ आली आणि बघत राहिली. खाजामियाँला तिच्या तोंडाकडं बघायचा धीर झाला नाही. चेहऱ्यावर निळ्या रेघांची जाळी अजून तशीच होती. ती पुसायला त्यानं चिंधी काढली, पण रत्नम्मानं ती लावू दिली नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि रंगाला धक्का न लावता, डोळ्यांच्या कडेकडेनं, एकेक रेघ आपल्या हातानं पुसून काढली.